कार्डावरची तारीख आणि प्रवेशाचा अर्ज

बंगळुरूतील एखाद्या शाळेत पहिलीपासून शिकलेला, कन्नड ही भाषा विषय म्हणून घेतलेला आणि घरी मराठी बोलणारा विद्यार्थी बारावीनंतर सरकारी वैद्यकीय वा अभियांत्रिकी महाविद्यालयाचा अर्ज भरायला बसतो, तेव्हा 'राष्ट्रीयत्व' या रकान्यापाशी तो अडतो. आईवडील भारताचे नागरिक, वास्तव्य कर्नाटकातले, पण जन्म अमेरिकेतला आणि म्हणून पारपत्रही तिथलेच. माहिती तंत्रज्ञानाच्या ओघात परदेशी जाऊन बंगळुरूला परतलेल्या कुटुंबांत अशी मुले दुर्मीळ नाहीत. अभ्यासरजेवर परदेशी जाऊन आलेल्या अधिकाऱ्यांच्या घरीही ती आढळतात. या मुलांकडे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' म्हणजे ओसीआय कार्ड असते. नावात 'सिटिझन' असले तरी प्रवेशाच्या दारात हे कार्ड नागरिकाचे की परक्याचे, हा प्रश्न गेली काही वर्षे बंगळुरू आणि दिल्ली यांच्यात फिरत आहे.

ओसीआय योजनेची घोषणा झाली ती अनिवासी भारतीयांच्या भावनेला हात घालूनच. नागरिकत्व कायद्यात २००३ आणि २००५ मध्ये दुरुस्त्या झाल्या आणि त्यानंतर ही कार्डे दिली जाऊ लागली. मतदान, सरकारी नोकरी आणि शेतजमिनीची खरेदी सोडली तर बहुतेक व्यवहारांत कार्डधारकाला मोकळीक मिळाली. शिक्षणाच्या बाबतीत ५ जानेवारी २००९ च्या अधिसूचनेने अखिल भारतीय वैद्यकीय पूर्वपरीक्षेसारख्या परीक्षांसाठी त्याला अनिवासी भारतीयांची बरोबरी दिली. अनिवासी भारतीय हा अखेर भारताचा नागरिकच असतो. त्यामुळे सर्वसाधारण जागांवरही आपला हक्क आहे, असा अर्थ कार्डधारक कुटुंबांनी लावला. मुलांच्या शिक्षणाचे आणि देशी परतण्याचे बेत अनेकांनी त्याच आधारावर आखले.

कर्नाटकात या समजुतीला तडा गेला. राज्याच्या प्रवेश कायद्याने ओसीआय विद्यार्थ्यांना अनिवासी कोट्याच्या रांगेत उभे केले. अनिवासी कोटा म्हणजे खासगी महाविद्यालयांतील चढ्या शुल्काच्या जागा. पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र सरकार या २००५ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या कोट्याला १५ टक्क्यांची मर्यादा घातली होती आणि त्या जागा खऱ्याखुऱ्या अनिवासींनाच मिळाव्यात, असे बजावले होते. बंगळुरूतच वाढलेल्या मुलाला अनिवासी ठरवणे या कसोटीवर टिकणारे नव्हते. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. डिसेंबर २०२० मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या बाजूने कौल दिला आणि सरकारी कोट्याच्या जागांसाठीही ओसीआय विद्यार्थी पात्र आहेत, असा निर्वाळा दिला.

दिल्लीचे उत्तर तीन महिन्यांच्या आत आले. केंद्रीय गृह मंत्रालयाने ४ मार्च २०२१ रोजी नवी अधिसूचना काढून आधीच्या साऱ्या अधिसूचना मोडीत काढल्या. केवळ भारतीय नागरिकांसाठी राखलेल्या जागांवर ओसीआय कार्डधारकाला प्रवेश मिळणार नाही आणि कार्डधारक हा परदेशी नागरिक आहे, हे त्यात स्पष्ट लिहिले गेले. सरकारची बाजू अगदीच लंगडी नव्हती. सरकारी महाविद्यालयांतील जागा मोजक्या, त्यांमागे करदात्यांचा पैसा आणि दाराशी लाखो भारतीय विद्यार्थी. अशा वेळी नागरिकाला अग्रक्रम द्यायचा की नाही, हे ठरवण्याचा अधिकार सरकारला असलाच पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयाने तो अधिकार नाकारला नाही. अनुष्का रेंगुंथवार विरुद्ध भारत सरकार या खटल्यात ३ फेब्रुवारी २०२३ रोजी न्या. ए. एस. बोपण्णा आणि न्या. सी. टी. रविकुमार यांच्या खंडपीठाने धोरण बदलण्याचा सरकारचा अधिकार मान्य केला. मात्र आधी दिलेला हक्क मागाहून काढून घेणे मनमानीचे ठरवले. परिणामी ४ मार्च २०२१ पूर्वी कार्ड मिळालेल्यांचा जुना हक्क शाबूत राहिला. त्यानंतर कार्ड मिळालेल्यांसाठी नवा नियम लागू झाला.

निकाल समतोल होता. न्यायालयापुढे आलेल्या मुलांना त्याने न्याय दिला, पण जो प्रश्न सरकारने सोडवायचा होता तो पुढच्या पिढीकडे ढकलला गेला. आता एकाच घरात दोन भावंडांची स्थिती वेगळी असू शकते. थोरल्याचे कार्ड २०१९ चे, धाकटीचे २०२२ चे. शाळा एक, पत्ता एक, गुण कदाचित धाकटीलाच अधिक. तरी थोरला सर्वसाधारण जागेचा हक्कदार आणि धाकटी परदेशी विद्यार्थिनी. ही झळ फार दूरची आहे, असेही मानता येत नाही. २०२१ नंतर परतलेल्या कुटुंबातील बारा वर्षांच्या मुलाला कार्ड २०२२ मध्ये मिळाले असेल, तर त्याच्या प्रवेशाचे वर्ष २०२८ आहे.

'मग भारतीय नागरिकत्वच घ्यावे' हा सल्ला दिल्लीच्या कार्यालयांत सहज दिला जातो. कायद्याची पाने उलटली की त्यातील अडचण कळते. पाच वर्षे ओसीआय म्हणून नोंद असलेल्या आणि आधीचे एक वर्ष भारतात राहिलेल्या व्यक्तीला नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो, पण ती सज्ञान असावी लागते. प्रवेशाचा अर्ज मात्र सतराव्या-अठराव्या वर्षी भरायचा असतो. आईवडील भारतीय नागरिक असतील तर अज्ञान मुलाची नोंदणी करता येते, परंतु तो अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडून राज्य सरकारमार्गे गृह मंत्रालयात पोहोचतो. दुहेरी नागरिकत्व भारताला मान्य नाही आणि अमेरिकेच्या नियमांनुसार मुलाचे नागरिकत्व पालकांना त्याच्या वतीने सोडता येत नाही. आईवडील दोघांनीही परदेशी नागरिकत्व घेतले असेल, तर अज्ञान मुलासाठी ही वाटही सरळ उरत नाही. निर्णय घेण्याचे वय आणि निर्णय भोगण्याचे वय यांचा मेळ कायद्याने घातलेलाच नाही.

याच काळात उच्च शिक्षणाचे आंतरराष्ट्रीयीकरण हा केंद्राचा आवडता कार्यक्रम झाला. 'स्टडी इन इंडिया' २०१८ मध्ये सुरू झाले. २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने परदेशी विद्यार्थ्यांसाठी मंजूर जागांच्या २५ टक्क्यांपर्यंत अधिकच्या जागा निर्माण करण्याची मुभा दिली. परदेशातून येणाऱ्या विद्यार्थ्याचे स्वागत व्हावे, हे योग्यच. परंतु शिक्षण मंत्रालयाच्या कल्पनेतील परदेशी विद्यार्थी आणि गृह मंत्रालयाच्या व्याख्येतील परदेशी विद्यार्थी ही दोन वेगळी माणसे आहेत. पहिला शिकण्यासाठी या देशात येतो, दुसरा या देशातच शिकून मोठा झालेला असतो. दोघांना एका रांगेत उभे केल्याने महाविद्यालयाला चढे शुल्क मिळेलही, पण त्याला आंतरराष्ट्रीयीकरण म्हणता येणार नाही.

'आपला' विद्यार्थी कोण, हे ठरवण्याची साधने राज्यांपाशी आधीपासून आहेत. पहिली ते बारावीदरम्यान किमान सात वर्षे कर्नाटकात शिक्षण, ही त्या राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेतील पात्रतेची प्रमुख अट आहे. महाराष्ट्रातून तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची मुले याच अटीच्या बळावर सरकारी जागा मिळवतात, कारण दहावी-बारावी परराज्यात झाल्यावर महाराष्ट्राच्या कोट्याचे दार त्यांना बहुधा बंद असते. महाराष्ट्रानेही सीमाभागातील ८६५ गावांचा दावा सांगताना तेथील मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी अभियांत्रिकी प्रवेशात स्वतंत्र वर्ग ठेवला आहे. प्रशासकीय रेषेपलीकडची मुले आपली मानण्याची सोय नियमांत करता येते, याचे हे उदाहरण घरचेच आहे.

केंद्रालाही असा मार्ग मोकळा आहे. नागरिकत्व कायद्याच्या कलम ७ब खाली अधिसूचना बदलण्यासाठी कायदा दुरुस्त करावा लागत नाही. अधिसूचना संसदेच्या पटलावर ठेवणे पुरेसे असते. आईवडिलांपैकी एक जण भारतीय नागरिक असेल आणि शालेय शिक्षणाची ठरावीक वर्षे भारतात झाली असतील, तर अशा कार्डधारकाला आरक्षणाचा लाभ न देता खुल्या जागांवर स्पर्धा करू द्यावी, एवढी तरतूद त्यासाठी पुरेशी आहे. नागरिकांचा अग्रक्रम जपायचाच असेल तर अज्ञान मुलांच्या नागरिकत्व नोंदणीला कालमर्यादा घालून तो जपता येईल. यांपैकी काहीच न करता कार्डावरच्या तारखेवर विसंबून राहिल्यास हा वाद पुन्हा बंगळुरूच्या न्यायालयात सुरू होईल आणि प्रवेशाची फेरी निघून गेल्यावर मिळालेला निकाल त्या वर्षीच्या विद्यार्थ्याच्या उपयोगी पडणार नाही.