पंधरा तासांचा पल्ला

'न्यूयॉर्क काय हो, पंधरा तासांवर!' असं कुणी म्हटलं की माझ्यातला कारकून जागा होतो. (एरवी तो बँकेच्या वेळातही जागा असतोच असं नाही.) पंधरा तास कुठून कुठवर? खतावणी लिहायची तर आरंभीची शिल्लक हवी. विमान कंपनीचा हिशेब सहारला सुरू होतो, मुलुंडच्या माणसाचा मुलुंडला.

हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर, हे मला मान्य आहे. पृथ्वी गोल, त्यामुळे सगळ्यात जवळची वाट सरळ पश्चिमेला न जाता उत्तरेला वळते, हेही मान्य. पण विमान त्याच वाटेने जाईल याची हमी कोण देणार? २०२५ च्या एप्रिलात पाकिस्तानने आपल्या विमानांना आकाश बंद केलं, तेव्हा पश्चिमेकडच्या कित्येक विमानांना वळसे पडले. शिवाय जाताना वारा समोरून, येताना पाठीमागून; म्हणजे अंतर तेच, पण जायला तास जास्त, यायला कमी. आमच्याकडे नाही का, कर्जाला एक दर आणि ठेवीला दुसरा!

तिकिटावरच्या वेळा तर शुद्ध हातचलाखी. दोन्हीकडची वेळ स्थानिक. रात्री एकला निघालेला माणूस सकाळी सहा-सातला उतरतो. हिवाळ्यातला साडेदहा तासांचा फरक कुठे गेला, हे कुणी विचारत नाही. सूनबाई सासूला फोनवर सांगते, 'एका रात्रीत पोचतो की आपण!'

प्रगती मी नाकारत नाही. १९४८ साली एअर इंडियाची 'मलबार प्रिन्सेस' लंडनला गेली, ती कैरो आणि जिनिव्हा घेत. आता मधे कुठे थांबावंच लागत नाही. पण तेव्हा जाणारा लांब चाललाय, हे पोचवायला आलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं. आता ते कबूल करायची सोय राहिलेली नाही.

आम्ही घाटकोपरचे. विमानं आमच्या गच्चीवरून उतरतात. डोक्यावरून गेलेलं विमान दोन-तीन मिनिटांत धावपट्टीला लागतं, आणि त्यातला माणूस घरी येतो तीन तासांनी! पासपोर्टची रांग, फिरत्या पट्ट्यावर न येणारी बॅग, टॅक्सी आणि मग साकीनाका. साकीनाक्याला कुठलीच स्थानिक वेळ लागू नाही. चेक खात्यात दिसतो, पण वटलेला नसतो, तशातली गत.

आमच्या वरच्या मजल्यावर एक आजी होत्या. मुलगा न्यू जर्सीत. 'काही झालं तर पंधरा तासांत येतो' या त्याच्या शब्दावर त्यांनी बारा वर्षं काढली. त्या गेल्या शुक्रवारी पहाटे. त्याची रजा, तिकीट, मधलं विमान बदलणं, सगळं होऊन तो दारात आला सोमवारी. अग्नी पुतण्याने दिला होता. मुलगा वाईट नव्हता हो. आकडा वाईट होता.

तेव्हा कंपन्यांनी काय हवं ते छापावं. मुलांनी तरी आईला घरापासून घरापर्यंतचे तास सांगावेत. तीन दिवस लागणार असतील तर तीन दिवस म्हणावं. म्हातारी माणसं हिशेबाला आपल्यापेक्षा पक्की असतात.

हे बघा, आत्ताच एक डोक्यावरून गेलं. असेल कुणाचा तरी मुलगा त्यात. कुकर मात्र अजून दोन तास लावू नका.