घोड्यावरचा नवरदेव

मी गाड्यांचा शौकीन आहे. आमच्या घरात हे वाक्य 'यांना मधुमेह आहे' याच सुरात उच्चारलं जातं. पाहुणे सहानुभूतीनं मान हलवतात आणि हळूच विचारतात, "कधीपासून?"

१९८४ पासून. त्या साली काकांनी मला त्यांच्या प्रीमियर पद्मिनीवर गाडी शिकवली. स्टिअरिंगच्या बगलेत गिअरचा दांडा, चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि चाळीसच्या आसपास घोडे, तेही बहुतेक उपाशी. ऐंशीच्या वर काटा गेला की आरसा असा थरथरे, की मागची मालमोटार एक आहे की तीन ते कळू नये. खंडाळ्याचा घाट चढताना काका इंजिनाकडे कान लावून बसत. "ऐक, ती दमलीय. आता दुसरा टाक." गाडी दमते, रुसते, तिला श्वास लागतो हे मी त्या घाटात शिकलो. ब्रेक मारण्याआधी देवाचं नाव घ्यायचं हेही तिथंच. थोडक्यात, त्या गाडीत वेग फुकट मिळत नसे. मेहनत करून, घाम गाळून, मिस्त्रीला चहा पाजून तो कमवावा लागे.

आता माझं भांडण ऐका. ते वेगाशी नाही. वेगासारखी सुंदर गोष्ट नाही, असं मी हिच्यासमोर सुद्धा म्हणतो (ही आत असताना). माझं भांडण वेगवान गाड्यांच्या मालकांशी आहे. आपल्याकडे जातिवंत गाडीला सोन्याच्या गोफासारखं वापरतात. गोफ जसा शर्टाचं वरचं बटण उघडं टाकून मिरवायचा, तशी गाडी काच खाली करून मिरवायची. आत बसलेल्या इसमाला विचारा, "इंजिन पुढे आहे की मागे?" तो म्हणेल, "काका, ऑन रोड दोन कोटी."

हे दुखणं जुनंच आहे म्हणा. डॉन ब्रॅडमनच्या एकोणतीस कसोटी शतकांची बरोबरी केल्याबद्दल मायकेल शूमाकरच्या हस्ते सचिनला फेरारी मिळाली, ते वर्ष २००२. फेरारी ३६० मोडेना, आठ सिलिंडर, चारशे घोडे! माझी झोप उडाली. आणि महाराष्ट्र काय बोलत होता? आयात शुल्क! ते माफ व्हावं की नाही यावर पारावर, लोकलमध्ये, न्हाव्याकडे घनघोर चर्चा झाल्या. शेवटी ते फियाट कंपनीनं भरलं, तेव्हा कुठे लोक जेवले. पण त्या इंजिनाचा आवाज कसा असेल, असं एका माईच्या लालानं विचारलं नाही.

आवाजावरून आठवलं. आमच्या सोसायटीतल्या एका चिरंजीवानं गाडीला नवा सायलेन्सर बसवलाय. पाय उचलला की मागून फटाके फुटतात. त्याला वाटतं, ही ताकद. अरे बाबा, चाकं फिरवायला जे पेट्रोल इंजिनात जळायचं, ते तू मागच्या नळीत जाळतोयस! म्हणजे स्वयंपाकघरातला गॅस बाल्कनीत पेटवून 'आमच्याकडे पंचपक्वान्नं असतात' म्हणण्यापैकी. मुंबईचा किनारी रस्ता २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून तिथं रात्री हाच फराळ चालतो आणि कडेच्या इमारतींतली म्हातारी माणसं जागी राहतात.

या मंडळींना पाहिलं की मला वरातीतला नवरदेव आठवतो. घोडा उमदा, सजवलेला. वर बसलेल्याला मात्र घोडदौड येत नाही. लगाम धरून घोडेवाला पुढे चालतो, म्हणून सगळं निभतं. आजच्या गाडीत हा घोडेवाला म्हणजे संगणक. चाक घसरलं तर तो सावरतो, ब्रेक जास्त दाबला तर तो चाक अडकू देत नाही. नवरदेवाला वाटतं, आपणच चालवतोय. पण घोडेवाल्याची सत्ता कुठवर? टायर रस्त्याला टेकतो तो साधारण तळहाताएवढा. असे चार तळहात. चारशे घोड्यांचे सगळे लगाम त्या चार तळहातांत! आणि वेग दुप्पट झाला, की ब्रेक लागल्यापासून थांबायचं अंतर चौपट होतं. हे गणित संगणकालाही बदलता येत नाही आणि बापाच्या चेकबुकालाही.

१९ मे २०२४ ला पहाटे पुण्यात, कल्याणीनगरला, ते दिसलं. गाडी पोर्शे, विजेवरची. क्लच नाही, गिअर टाकणं नाही. पाय ठेवला की सगळी ताकद त्याच क्षणी हजर. पक्की नोंदणीही झालेली नव्हती, कारण १,७५८ रुपये भरायचे राहिले होते. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे चालवणारा सतरा वर्षांचा. मोटारसायकलवरचे दोन तरुण इंजिनिअर गेले, चोवीस-चोवीस वर्षांचे. आणि त्याच दिवशी जामीन देताना एक अट होती, अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची. पुढे आरडाओरडा झाला, आदेश बदलला. पण मी निबंध लिहून पोट भरणारा माणूस; त्या दिवसापासून माझ्या धंद्याची मला लाज वाटते.

खरी हौस असेल त्यानं कोइंबतूरला जावं, चेन्नईजवळ जावं, नोएडाच्या पलीकडे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झालं त्या ट्रॅकवर जावं. तिथं शिरस्त्राण घालावं लागतं आणि पहिल्याच वळणावर आपली लायकी कळते. म्हणूनच बहुधा कोणी जात नाही.

हे सगळं मी गेल्या महिन्यात भाच्याला दीड तास ऐकवलं. तो गुणी मुलगा. त्यानं मुकाट्यानं आपल्या नव्या गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. द्रुतगती मार्गावर सपाटीला मर्यादा शंभर. मागे ही बसलेली. मी फक्त जरासा पाय ठेवला हो. आरसा थरथरला नाही, काही दमलं नाही, कोणी देवाचं नाव घेतलं नाही.

"किती झाले?" हिनं विचारलं.

"ऐंशी," मी म्हणालो.

संध्याकाळी भाच्याच्या फोनवर चलान आलं. एकशे अठरा. फोटोत नंबरप्लेट इतकी स्वच्छ, की नाकबूल करायला जागा नाही. ही काही हसली नाही. चष्मा काढून म्हणाली, "बसा आता. तीनशे शब्द."

हा तोच. इथंही मर्यादा पाळता आली नाही.