सुनेला घोड्यावर बसवणारा सासरा

आमच्या कळंब्यात शेजारच्या अंगणात एक स्कूटी सहा महिने झाले ताडपत्रीखाली उभी आहे. ती ज्या पोरीची, ती रोज केएमटीची वाट बघत थांबते. संध्याकाळचा कॉम्प्युटरचा क्लास तर सुटलाच. कारण काय, तर थोरला भाऊ मोटारसायकलवरून पडला आणि त्याचा पाय मोडला. "वैनी, एक पोरगं पडलं तेवढं बास झालं. आता घरात गाडी नको," असं तिचे वडील मला म्हणाले. गंमत बघा, भावाचा पाय जुळला, तो परत मोटारसायकलवर फिरतोय. झाकून ठेवली ती फक्त तिची गाडी!

त्या दिवशी मला आपल्या इंदुमती राणीसाहेब आठवल्या. राजर्षी शाहू महाराजांच्या धाकट्या सूनबाई. १९१७ साली प्रिन्स शिवाजींशी लग्न झालं तेव्हा वय जेमतेम दहा-अकरा. वर्षभरातच, १९१८ च्या जूनमध्ये, रानडुकराच्या शिकारीत प्रिन्स शिवाजी घोड्यावरून पडले आणि गेले. एवढीशी पोर विधवा झाली. आधीच राजवाड्याचा पडदा, त्यात वैधव्य. महाराजांनी तिला कोपऱ्यात बसू दिलं नाही. सोनतळीच्या कॅम्पवर तिच्या शिक्षणाची व्यवस्था केली. पुस्तकं तर दिलीच, पण घोड्यावर बसायला आणि मोटार चालवायलाही शिकवलं.

मैत्रिणींनो, मी इथं दरवेळी अडखळते. ज्या घोडेस्वारीत पोटचा मुलगा गेला, तीच सुनेला शिकवायची! भीती काय त्यांना वाटली नसेल? तिला लगाम धरताना बघून त्या बापाच्या पोटात कसं कालवलं असेल, हे आईच जाणे.

१९२२ साली महाराज गेले. तरी राणीसाहेबांनी शिक्षण सोडलं नाही, आणि पुढं ललिता विहारसारखी संस्था काढून दुसऱ्या बायकांना शिकवलं.

त्यांच्या तरुणपणी ऑलिंपिकमधली घोडेस्वारी पुरुषांचीच, आणि त्यातही मुख्यतः लष्करी अधिकाऱ्यांची होती. बायकांना पहिला प्रवेश मिळाला १९५२ साली. रानातली दौड, कुंपणं, पाण्याचे चर असलेली तीन दिवसांची अवघड स्पर्धा तर १९६४ पर्यंत बंदच. त्याच स्पर्धेत १९७६ ला माँट्रियलमध्ये इंग्लंडची राजकन्या ॲन उतरली. १९७१ ची युरोपची विजेती ती! तिथं दौडीत घोड्यासकट पडली, डोक्याला मार लागला, तरी परत बसून तिनं फेरी पुरी केली. तिला काही कुणी "आता घोडा नको" म्हटलं नाही. तिची मुलगी झारा २००६ ला जगज्जेती झाली. २०१२ ला लंडनला झाराच्या संघाला रौप्यपदक मिळालं, ते गळ्यात घालायला आईच उभी होती. या खेळात बाई आणि पुरुष एकाच स्पर्धेत, एकमेकांसमोर उतरतात. २०२३ च्या आशियाई स्पर्धेत भारताला सुवर्ण मिळालं, त्या चौघांत दिव्यकृती सिंह आणि सुदीप्ती हजेला या दोन मुली होत्या.

"ती राजाघरची माणसं, त्यांना काय," असं शेजारच्या वैनी म्हणाल्याच. खरं आहे, घोडा पोसणं आपल्या ऐपतीतलं नाही. पण म्हणून बंधनं राजवाड्यात कमी होती का? उलट चार जास्तच. आणि आपण तरी काय करतो? कावळा नाक्यावरून जाताना घोड्यावरच्या ताराराणींना हात जोडतो आणि घरी येऊन लेकीची किल्ली कपाटात ठेवतो.

पोरीकडं लायसन आहे. हेल्मेट मी देते म्हटलं. पहिले आठ दिवस तिच्या मागं मी बसणार, कळंबा तलावाच्या रस्त्यानं, पहाटे वर्दळ नसताना. वडील "बघू" म्हणालेत. परवा "नको" होतं, आज "बघू" आहे. उद्या परत जाणार आहे. बॅटरी उतरली असणार म्हणून मेकॅनिकला आधीच सांगून ठेवलंय.