यंत्राला प्रश्न विचारावा

संगणकाच्या तासाला आमचे विद्यार्थी पडद्यावरील चित्रे दाबण्यास झटपट शिकतात. परंतु काम अडले की, "नेट नाही" एवढे बोलून मोकळे होतात. हे निदान नव्हे, हा आळस होय. यंत्राला नेमका प्रश्न विचारून त्याचे उत्तर नीट वाचण्याची विद्या शाळेतच शिकविली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. तिच्या आरंभासाठी दोन साध्या आज्ञा पुरेशा आहेत.

पहिली 'एनसी', म्हणजेच १९९५ साली प्रसृत झालेली नेटकॅट. जाळ्यातील प्रत्येक संगणकाला ० ते ६५,५३५ अशा क्रमांकांची दारे असतात. त्यांना पोर्ट म्हणतात. येथे मुरगावचे बंदर आठवू नये. पोर्तुगीज भाषेतील 'पोर्ता', म्हणजे दार, हाच अर्थ जवळचा. सुरक्षित संकेतस्थळांचे दार बहुधा ४४३ वे असते. यंत्राचे नाव व दाराचा क्रमांक सांगितला की ही आज्ञा ते दार ठोठावून येते. उत्तरे तीन प्रकारची. दार उघडले, तर प्रश्नच मिटला. नकार मिळाला, तर बहुधा यंत्र जागे आहे, पण त्या दाराशी ऐकणारे कोणी नाही. काहीच उत्तर आले नाही, तर वाटेत पहारा आहे किंवा यंत्रच बंद आहे. तिन्हींचे उपाय निरनिराळे. "नेट नाही" म्हणणाऱ्यास मात्र तिन्ही सारखेच! अर्थात परक्याचे दार त्याच्या परवानगीवाचून ठोठावू नये, हा शिष्टाचार येथेही पाळावा.

दुसरी आज्ञा 'एनसीडम्प'. हवामानशास्त्राचे आकडे 'नेटसीडीएफ' नावाच्या फायलींत साठवितात. भारतीय हवामान विभागाच्या पुणे येथील कार्यालयाने १९०१ पासूनचा दैनिक पाऊस पाव अंशाच्या चौकोनांत मांडून अशा फायलींतून उपलब्ध केला आहे. साध्या रीतीने उघडल्यास फायलीत केवळ निरर्थक चिन्हे दिसतात. परंतु या आज्ञेला 'एच' हे अक्षर जोडले की फाईल स्वतःची ओळख सांगते: दिवस किती, अक्षांश-रेखांश किती, पाऊस कोणत्या एककात, आणि जेथे नोंद नाही तेथे कोणता आकडा घातला आहे. समजा, तो आकडा उणे ९९९ आहे. आपल्या गोव्याच्या पश्चिमेस समुद्र. तेथील चौकोन रिकामे. ओळख न वाचता सरासरी काढणारा भर आषाढात गोव्याचा पाऊस उणे ठरवील!

असल्या गोष्टी अभियंत्यांनी पाहाव्यात, मराठी शाळेला त्या कशाला, असे काही पालक म्हणतात. आम्हांस हे मान्य नाही. दोन्ही आज्ञा विनामूल्य आहेत. त्यांच्या उत्तरांतील मोजके इंग्रजी शब्द मराठीत सहज समजावून देता येतात. आकड्यांच्या आधारे उद्या शेती, मासेमारी व धरणे यांविषयी निर्णय होतील. तेव्हा हे आकडे स्वतः तपासणारे विद्यार्थी आपल्या शाळेतून बाहेर पडावेत. दुसऱ्याने सांगितलेल्या सरासरीवर मान डोलावणे, हे शिक्षण नव्हे.