बदलीची तारीख आधीच ठाऊक असते, मग घाई कसली?

शुक्रवारी संध्याकाळी टपरीवर चहा पिताना निवडणुकीआधीच्या पोलीस बदल्यांचा विषय निघाला. आमच्या टीममधला एक जण मूळचा चंद्रपूरचा. बदलीविरुद्ध कोर्टात जाणार्‍या अधिकार्‍यांबद्दल तो म्हणाला, "अबे, ज्याला खुर्ची सोडवत नाही, त्याचीच तर पहिले बदली कराले पाहिजे!" सगळे हसले, मीही हसलो. पण रात्री घरी येऊन कायदा वाचत बसलो आणि मत बदललं.

निवडणूक आयोगाचा नियम साधा आहे. अधिकारी स्वतःच्या जिल्ह्यात नेमलेला असेल, किंवा गेल्या चार वर्षांतली तीन त्याने त्याच जिल्ह्यात काढली असतील, तर त्याला हलवायचं. फौजदारापासून वरपर्यंत सगळे यात येतात. हेतू चांगलाच आहे. तीन वर्षांत स्थानिक पुढार्‍यांशी ओळखी होतात, उठबस वाढते.

पण नियमाला पळवाटा असतातच. गडचिरोली-चिमूर मतदारसंघ बघा. यात गडचिरोलीच्या तीन विधानसभा जागा आहेत, चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूर आणि ब्रह्मपुरी आहेत, शिवाय गोंदियातली आमगाव. म्हणजे गडचिरोलीचा अधिकारी चंद्रपुरात पाठवला तर कागदावर जिल्हा बदलला, मतदारसंघ तोच! फेब्रुवारी २०२४ मध्ये आयोगाने सगळ्या राज्यांना बजावलं की बदली त्याच लोकसभा मतदारसंघातल्या दुसर्‍या जिल्ह्यात करू नका. आमच्या भाषेत सांगायचं तर हा बग उशिरा सापडला आणि रिलीज तोंडावर असताना पॅच आला. १९ एप्रिलला तिथे मतदान होतं.

आता दुसरी बाजू. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम २२ एन सांगतं की फौजदार ते निरीक्षक यांचा साधारण कार्यकाळ ठाण्यात दोन वर्षं आणि जिल्ह्यात चार वर्षं. आयोग म्हणतो तीन, कायदा म्हणतो चार! मुदतीआधी हलवायचं तर अपवादात्मक परिस्थिती, जनहित, प्रशासकीय निकड असं काहीतरी हवं. ही तरतूद उगाच आलेली नाही. २००६ च्या प्रकाश सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना राजकीय बदल्यांपासून संरक्षण द्यायला सांगितलं, त्यातून ती आली. म्हणजे जो अधिकारी मॅटमध्ये (आपल्याकडे नागपूर खंडपीठात) जातो, तो पुढार्‍यांपासून वाचवणार्‍या कायद्याचाच आधार घेत असतो. शिवाय कॉम्प्युटर, ट्रेनिंग, स्पेशल ब्रँच असल्या विभागांतल्या लोकांना आयोगाचा नियम लागूच नाही. अशा कोणाचं नाव यादीत घुसलं तर त्याने भांडायचं नाही का?

पण निवडणूक जाहीर झाल्यावर कोर्ट सहसा आयोगाच्या बाजूने झुकतं. मार्च २०१९ मध्ये आंध्र सरकारने गुप्तवार्ता प्रमुखांच्या बदलीला हायकोर्टात आव्हान दिलं, ते काही दिवसांतच फेटाळलं गेलं. मला ते पटतं. मतदान तोंडावर असताना स्थगित्या मिळायला लागल्या तर निवडणूक कोण घेणार?

गडचिरोलीत तर हा प्रश्न आणखी टोकाचा. तिथे मतदान पथकं हेलिकॉप्टरने जातात, पुढे पायी. भामरागड, एटापल्लीकडचे नाले आणि पायवाटा पंधरा दिवसांत कळत नाहीत. १९९० साली उभं राहिलेलं सी-६० पथक स्थानिक मुलांचंच आहे, कारण त्यांना रस्ते ठाऊक आणि माडिया, गोंडी बोलता येते. अशा ठिकाणी ठाण्याचा साहेब ऐन वेळी नवीन असेल, तर निःपक्षपातीपणा मिळेल, पण पोलिंग पार्टीची सुरक्षितता?

मग करायचं काय? माझं उत्तर अगदी कारकुनी आहे. लोकसभेची मुदत पाच वर्षं आधी ठाऊक असते. कोणाची तीन वर्षं कधी भरणार, ही एका ओळीची क्वेरी आहे. त्याच कायद्यात सर्वसाधारण बदल्यांचा काळ एप्रिल-मे असा दिलाय. मग निवडणुकीच्या आधीच्या मे महिन्यातच ही यादी का निघत नाही? कारणं लिहून द्या, ज्याला हरकत आहे त्याला मॅटमध्ये जाऊ द्या, पावसाळ्यात निकाल लागू द्या. मुलांची शाळा अर्ध्यावर सोडावी लागणार नाही, नव्या अधिकार्‍याला जंगल समजून घ्यायला उन्हाळ्यापर्यंत वेळ मिळेल. मध्यावधी निवडणूक लागली किंवा कोणाविरुद्ध ठोस तक्रार आली, तरच ऐन वेळची बदली.

हे होत नाही, याचं कारण मला तरी एकच दिसतं. घाईत काढलेल्या यादीत आपल्याला नको असलेली दोन नावं सहज घुसवता येतात, आणि मतदानापर्यंत विचारायला कोणाला वेळ नसतो.

सोमवारी हे मित्राला ऐकवणार आहे. तो बहुतेक म्हणेल, "तू कोडच लिहीत जा, बे!" असो. तुम्हाला काय वाटतं?