आत्याची गोळी आणि आपली चळवळ



१४ एप्रिलला आपण आरोग्य शिबिर घेतो. रक्तदान होतं, बीपी-शुगर तपासली जाते, फोटो निघतात, संध्याकाळी मिरवणूक. मी स्वतः दहा वर्षं ही शिबिरं घेतलीत. दोन वर्षांपूर्वीच्या शिबिरात मंडपापासून दोनशे पावलांवर माझी सख्खी आत्या ओट्यावर गोधडी पांघरून बसली होती. बीडचा एप्रिल, चाळीसच्या वर ऊन, आणि म्हातारीला थंडी वाजत होती. मी तिच्यासमोरून चार वेळा गेलो. चारही वेळा "काय आत्या, बरंय ना?" म्हणालो आणि उत्तराची वाट न बघता पुढं गेलो.

आत्या आज ६७ वर्षांची आहे. केज तालुक्यातल्या आमच्या गावातून तिनं अठ्ठावीस हंगाम कोयता धरला, बहुतेक सांगली-कोल्हापूरकडं. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी पिशवी काढली. हे वाक्य बीडमध्ये वाढलेल्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

त्या वर्षी घरात तिच्याबद्दल तक्रारी सुरू होत्या. दिवसभर पडून असते, बोललेलं लक्षात राहत नाही, आवाज जड झालाय, तोंड सुजलंय, केस गळतायत, पोट साफ होत नाही. आतेभाऊ म्हणाला, वय झालं. शेजारीण म्हणाली, कुणीतरी काहीतरी केलंय, लिंबू उतरवून टाका. आत्या स्वतः म्हणायची, "काही न्हाई रे बाळा, लई उसाच्या मोळ्या वाहिल्या, आता अंग हिशोब मागतंय." बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात लिंबू उतरवलं नाही, पण रक्तही तपासलं नाही. "वय झालं" हीसुद्धा एक अंधश्रद्धाच आहे, हे मला उशिरा कळलं.

शेवटी वहिनीनं हट्टानं तपासणी करून घेतली. टीएसएच ४६. तो साधारण चार-साडेचारच्या आत असावा लागतो. हिमोग्लोबिन ८.२. बी-१२ जीवनसत्त्वही खूप कमी. थायरॉइडची ग्रंथी गळ्यात असते आणि तिचं संप्रेरक सगळ्या शरीराचा वेग ठरवतं. ते कमी पडलं की हृदय, आतडं, मेंदू, कातडी सगळंच संथ होतं. टीएसएच म्हणजे मेंदूकडून त्या ग्रंथीला जाणारी हाक. ग्रंथी काम करीत नाही तशी हाक मोठी होत जाते. आत्याच्या बाबतीत ती ४६ पर्यंत चढली आणि घरातल्या एकालाही ऐकू गेली नाही.

गोळी सुरू झाली. लिव्होथायरॉक्सिन, दिवसाला एक. हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, किमतीवर सरकारचं नियंत्रण आहे, दीड-दोन रुपयांत एक गोळी पडते. डॉक्टरांनी सोबत लोहाची गोळी दिली, हाडांसाठी कॅल्शियम दिलं. वहिनी सकाळी तिन्ही गोळ्या आत्याच्या तळहातावर ठेवायची, आत्या चहाच्या घोटाबरोबर गिळून टाकायची. तीन महिन्यांनी टीएसएच २९. गोळी ५० वरून ७५ मायक्रोग्रॅम झाली, मग १००. तरी आकडा हवा तसा उतरेना.

उतरणार कसा? लोह आणि कॅल्शियम या दोन्ही गोळ्या पोटात थायरॉइडच्या गोळीला धरून ठेवतात, रक्तात नीट जाऊ देत नाहीत. चहाही आड येतो. ही गोळी रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, त्यानंतर अर्धा ते एक तास काही खायचं-प्यायचं नाही आणि लोह-कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब ठेवायचं. पाच ओळींची माहिती. तीन वेळा दवाखाना झाला, एकदाही कुणी वहिनीला ती सांगितली नाही. चिठ्ठीवर "सकाळी" एवढंच लिहिलेलं होतं, आणि वहिनीनं तेच केलं.

आता यात बीडचं काय, असं कुणी विचारील. थायरॉइड तर पुण्या-मुंबईतही होतो.

होतो. पण आमच्या बायकांच्या तळहातावर लोह आणि कॅल्शियम कुठून आलं ते बघा. २०१९ मध्ये विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. तिच्यासमोर आलेल्या सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. दर सहा जणींमागं एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांमध्ये हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. तिशीत पिशवी गेली आणि सोबत अंडाशयही काढलं की हाडं लवकर ठिसूळ होतात, म्हणून कॅल्शियम. त्याआधी वर्षानुवर्षं अंगावरून जास्त गेलेलं असतं, तीन दगडांच्या चुलीवर कोरडी भाकरी खाल्लेली असते, म्हणून लोह. म्हातारपणी त्यात थायरॉइडची गोळी येऊन पडते आणि आधीच्या दोन गोळ्या तिला निकामी करतात.

गर्भाशय काढल्यानं थायरॉइड होतो असं मी म्हणत नाही, तसं नाही. उलट्या बाजूनं विचार करा. थायरॉइड कमी असलेल्या बाईची पाळी जास्त जाऊ शकते, हे वैद्यकशास्त्रात फार जुनं ज्ञान आहे. "अंगावर जातंय" म्हणून जी बाई दवाखान्यात आली आणि पिशवी काढून परत गेली, तिची साधी थायरॉइड तपासणी ऑपरेशनआधी झाली होती का? आत्याची झाली नव्हती. तिला काय आजार होता हे आता कुणीच सांगू शकणार नाही. पण काही जणींचं दुखणं रोजच्या एका गोळीनं आटोक्यात येणारं असेल, आणि त्यांच्या पोटावर टाके आहेत, हा विचार मला झोपू देत नाही. खाडा पडला की मुकादम उचलीतून पैसे कापतो. पाळीमुळं खाडा पडतो. त्यामुळं तपासणीपेक्षा ऑपरेशन सोयीचं ठरलं. कुणाच्या सोयीचं, ते तुम्हाला माहीत आहे.

बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाची बाजू घेतली होती. कामगार बाईचं शरीर हा कामाच्या अटींचा विषय आहे, हे त्यांनी तेव्हा सभागृहात मांडलं. आपण ते भाषण जयंतीला सांगतो. कोयत्यावरच्या बाईला आजही मालक कोण हेच कागदावर सापडत नाही.

बी-१२ ची गोष्ट वेगळी आणि आणखी कडू आहे. हे जीवनसत्त्व मिळतं ते मांस, काळीज, मासे, अंडी, दूध यातून. भाजीपाला आणि भाकरीत ते नसतं. आमच्या आजीच्या काळात वस्तीत दोरीवर चान्या वाळत असायच्या. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म'मध्ये मराठवाड्यातल्या आपल्या या जेवणाची नोंद केली, नाहीतर तेही विसरलं असतं. लाज वाटायला लावून ते ताट आपल्याकडून अर्धं काढून घेतलं होतं, उरलेलं २०१५ च्या कायद्यानं गेलं. गाईसोबत बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली आणि गरिबाचं सगळ्यात स्वस्त मांस बाजारातून गेलं. म्हशीच्या मांसावर बंदी नाही, पण आमच्या बाजाराच्या गावात ते उघड विकायची कुणाची छाती नाही. आत्याला एका डॉक्टरनं वर सल्ला दिला, "मांसाहार पूर्ण बंद करा, पालेभाज्या खा." हिमोग्लोबिन आठ असलेल्या, बी-१२ तळाला गेलेल्या म्हातारीला! हे औषधशास्त्र नाही, हे त्यांच्या घरचं सोवळं आहे.

तरी सगळं ताटावर ढकलूनही चालत नाही. थायरॉइड बिघडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच ग्रंथीवर उलटणं. अशा काही माणसांत जठरातही तोच बिघाड होतो, आणि मग अंडी-काळीज खाऊनही बी-१२ रक्तात पुरेसं जात नाही. त्यांना इंजेक्शन किंवा मोठ्या मात्रेची गोळी लागते. शुगरची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचंही बी-१२ उतरतं. आत्याला इंजेक्शनं दिली. महिन्याभरात पायाच्या मुंग्या कमी झाल्या, विसरभोळेपणा पुष्कळ हटला. आपण ज्याला "म्हातारचळ" म्हणत होतो त्यातला किती भाग इंजेक्शननं जाणारा होता!

व्हॉट्सॲपवरच्या पथ्याबद्दलही बोलतो. "थायरॉइड असेल तर बाजरी बंद, कोबी बंद." आष्टी-पाटोद्याकडच्या माणसानं बाजरी बंद करून खायचं काय? बाजरीत आणि कोबीत थायरॉइडला अडथळा आणणारे घटक आहेत हे खरं. पण मिठात आयोडीन असेल तर रोजच्या जेवणातल्या भाकरी-भाजीनं घाबरायचं कारण नाही. मीठ मात्र तपासा. खायला आयोडीन नसलेलं मीठ विकण्यावर देशात २००६ पासून बंदी आहे, तरी आमच्याकडं सुटं खडेमीठ चालतंच. आयोडीनचं पाकीट घ्या, डब्याला झाकण ठेवा. तेवढं पुरे. आयोडीनच्या वेगळ्या गोळ्या आणि "थायरॉइड पावडर" यावर पैसे घालू नका, जास्त आयोडीननंही ग्रंथी बिघडते. वहिनीनं आत्याला केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या आणल्या होत्या. त्या चालू असताना रक्त दिलं तर थायरॉइडचा रिपोर्ट खोटा येऊ शकतो. तपासणीआधी दोन-तीन दिवस त्या थांबवाव्या लागतात.

चूक कळल्यावर आम्ही दुसरी चूक केली. गोळीची वेळ बदलली, पण १०० चा डोस तोच ठेवला. आता ती सगळीच अंगाला लागायला लागली. दोन महिन्यांत आत्याचं काळीज धडधडायला लागलं, झोप उडाली, टीएसएच ०.१ वर आला. म्हातारपणी जास्त डोसनं हृदयाची लय बिघडते, हाडं झिजतात. म्हणून वेळ बदलायची असेल तर डॉक्टरला सांगून, आणि कुठलाही बदल केला की सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त. सुरुवातही वय झालेल्यांत, विशेषतः हृदयाचा त्रास असेल तर, २५ किंवा त्याहून कमी मात्रेनं करतात. आणि सत्तरीच्या पुढं टीएसएच थोडा वर असणं हे वयाचंही असू शकतं. २०१७ मध्ये युरोपातल्या पासष्टी ओलांडलेल्या ७३७ लोकांवरचा अभ्यास आला. टीएसएच थोडाच वाढलेल्या या लोकांना गोळी देऊन थकवा किंवा इतर लक्षणांत फरक पडला नव्हता. तेव्हा प्रत्येक आजी-आजोबाला गोळी लावा असं माझं म्हणणं नाही. पॅकेज विकणाऱ्या लॅबवाल्यांना ते हवंच आहे. एकदा वाढलेला दिसला तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासा, मग ठरवा. पण ४६ म्हणजे ४६.

आत्या पहाटे चारला उठून आधी चहा पिते. अठ्ठावीस हंगामांची सवय, ती मोडेना. मग तिनंच तोड काढली. रात्री तीनला लघवीला उठते, तेव्हा उशाजवळच्या तांब्यातल्या पाण्याबरोबर गोळी घेते. पोट रिकामं असतं, चहाला तासभर अवकाश असतो. डॉक्टरांनीही मान्य केलं. लोहाची गोळी दुपारी लिंबाच्या पाण्यानं, कॅल्शियम रात्रीच्या जेवणात. तिला वाचता येत नाही, म्हणून थायरॉइडच्या बाटलीला निळा दोरा बांधलाय. ही बाटली पत्र्याखाली तापू द्यायची नाही, उष्णतेनं औषध मरतं. आमच्याकडं ती माठाजवळच्या कोनाड्यात असते.

खरी अडचण दसऱ्यानंतर येते. आतेभाऊ आणि वहिनी टोळीबरोबर जातात, गावात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं उरतात. पहिल्या वर्षी बाटली डिसेंबरात संपली. फोनवर आत्या "बरंय" म्हणत राहिली आणि मार्चला ते परत आले तेव्हा पुन्हा गोधडीत होती. एखाद्या दिवशी गोळी चुकली तर बिघडत नाही, ती शरीरात बरेच दिवस टिकते. तीन महिन्यांचा खंड मात्र माणूस पाडतो. सहावीतल्या नातीवर ही जबाबदारी टाकावी का? मला ते पटत नाही. तिच्यावर आधीच धाकट्या भावाची आहे.

बाबासाहेबांना मधुमेह होता, पाय दुखायचे. १५ एप्रिल १९४८ नंतर माईसाहेब, स्वतः डॉक्टर, त्यांचं इन्सुलिन, पथ्य, वेळा सांभाळत होत्या. संविधानाचं काम चालू होतं ते याच काळात. दीर्घ आजार सांभाळणं हे रोजचं, कंटाळवाणं, फोटो न निघणारं काम असतं. आपल्या चळवळीला मोर्चा जमतो, हे जमत नाही, कारण ते आपण सुनांवर सोडून दिलंय.

मागण्या आहेतच. त्या १३,८६१ जणींच्या याद्या सरकारकडं असतील तर त्यांचं हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड गावात येऊन तपासा. "अंगावर जातंय" म्हणून आलेल्या बाईची पिशवी काढण्याआधी थायरॉइडचा रिपोर्ट फाईलला असलाच पाहिजे. हंगामाला निघताना कामगाराला, आणि मागं राहणाऱ्या त्याच्या आईला, सहा महिन्यांची औषधं एकदम द्या. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं महामंडळ काढलंय, त्याच्या दारात हे निवेदन घेऊन जायला हवं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी-उपचार मोफत आहेत. तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारा: टीएसएच इथं होतो का, नसेल तर नमुना कुठं पाठवता, आणि रिपोर्ट किती दिवसांत? "इथं नाही" असं उत्तर आलं तर ते लेखी मागा. अंबाजोगाईचं सरकारी रुग्णालय वैद्यकीय शिक्षण खात्याचं आहे, तिथं हा मोफतचा निर्णय लागू नाही. जाण्याआधी हे माहीत असू द्या, म्हणजे माणूस खिडकीवरून परत येत नाही.

आमच्या वस्तीत आम्ही सहा पोरांनी गेल्या दसऱ्याला विहारातल्या वहीत अकरा म्हाताऱ्या माणसांची नावं लिहिली. प्रत्येकापुढं औषध, बाटली कधी संपणार, पुढचं रक्त कधी द्यायचं. दर रविवारी वंदनेनंतर वही उघडतो. दोन पोरं पहिल्याच महिन्यात गळाली, एका आजोबांनी "तुम्ही कोण विचारणारे" म्हणून हाकलून दिलं. आत्याचा फेब्रुवारीतला टीएसएच ३.८ आहे. हिमोग्लोबिन अजून १०.१ वरच अडकलंय, त्याचं कारण शोधायचं बाकी आहे.