राउटर मरत नाही, मारला जातो

‘राउटर मेला, नवीन घ्या’ हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. फर्मवेअर अपडेट चालू असताना वीज जाते, परत आल्यावर एकच दिवा लुकलुकतो आणि इंटरनेट काही येत नाही. दुकानदार मान हलवतो आणि नव्याची किंमत सांगतो. जाणकार मंडळी याला ‘ब्रिक’ झाला म्हणतात, म्हणजे वीट. अहो, कसली वीट?

फ्लॅश चिपच्या सुरुवातीला बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्रॅम असतो. साध्या अपडेटमध्ये त्याला सहसा हात लागत नाही. म्हणजे गडी जिवंत असतो, त्याच्या डोक्यावरचं ओझं तेवढं सांडलेलं असतं. बऱ्याच राउटरांत रीसेटचं बटण दाबून धरून वीज दिली की बूटलोडर टीएफटीपीने फाइल घ्यायला तयार होतो. कंप्युटरला हवा तो आयपी पत्ता द्यायचा, लॅनची वायर जोडायची, मूळ फर्मवेअर पाठवायचं. झालं! बूटलोडरच गेला असेल, तर आठ पायांच्या चिपला चिमटा लावून सीएच३४१ए प्रोग्रॅमरने लिहिता येतं. फक्त आधी चिपची कॉपी काढून ठेवायची, कारण मॅक पत्ता आणि वायफायचं कॅलिब्रेशन बहुधा त्यातच असतं.

मग अडतं कुठे? अडवलंय म्हणून अडतं. कितीतरी राउटरांची फर्मवेअर फाइल कुठे मिळतच नाही, सीरियल पोर्टही बंद केलेला. का, तर म्हणे सुरक्षितता! मान्य, वाटेल ते फर्मवेअर आत घुसू नये. मग सही तपासा ना. पण कंपनीनेच सही केलेली फाइल मालकाला परत भरता येऊ नये, यात कसली आली सुरक्षितता?

आणि हे जमत नाही असंही नाही. २००३ साली लिंक्सिसला जीपीएलमुळे डब्ल्यूआरटी५४जीचा सोर्स कोड खुला करावा लागला, त्यातून ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं. त्याच मंडळींचा ‘ओपनडब्ल्यूआरटी वन’ राउटर २०२४ मध्ये आला. त्यात सुटकेसाठी वेगळी फ्लॅश आणि एक स्विच आहे. मुख्य फ्लॅश बिघडली तर स्विच सरकवायचा.

आमच्या सोलापुरात यंत्रमागावर धागा तुटला तर कामगार गाठ मारतो, मागच बिघडला तर जॉबर येतो. धागा तुटला म्हणून माग भंगारात घाला, असं म्हणणाऱ्याला इथे वेड्यात काढतील. राउटरच्या बाबतीत मात्र आपण निमूटपणे पाकीट काढतो.

केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ ला ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, त्यात इलेक्ट्रॉनिक्सही आहे. छान. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. माझं मागणं साधं आहे : मूळ फर्मवेअर सर्वांना मिळावं, बूटलोडरचं दार उघडं राहावं आणि ते वापरायची रीत खोक्यातल्या कागदावर छापावी.

तोवर राउटर घेताना एकच विचारा : बिघडला तर मूळ फर्मवेअर कुठून मिळेल? उत्तर आलं नाही, तर तो डबा तिथेच ठेवा.